तळ्याकाठची शेवटची चिठ्ठी

"पोराला पेटीतून दूध पाजू नकोस, सुनंदा. पेटी बंद पडली की पोर उपाशी राहील."

माई हे म्हणाल्या तेव्हा त्या वाल सोलत होत्या, आणि सुनंदा हसली होती. मनातल्या मनात, अर्थात. कारखानीसांच्या घरात सून सासूला तोंडावर हसत नसे. पण हसली होती खरी. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली मुलगी ती. मुलांच्या सवयींवरचं सबंध प्रकरण तिनं पेन्सिलीच्या रेघा मारून पाठ केलेलं. वाल सोलणाऱ्या बाईनं तिला काय शिकवावं?

आणि पेटी, म्हणजे रेडिओ, तेव्हा चांगली जोरात चालू होती.

तिचे थोरले दीर मार्तंडभाऊजी आठवडाभर विमा कचेरीत कारकून असत आणि रविवारी कासव. बोरिवलीच्या घरात चार वाक्यांनंतर पाचवं न बोलणारा, लग्नाचा विषय निघाला की छत्री उचलून फिरायला जाणारा हा माणूस मायक्रोफोनपुढे बसला की कुठल्या कुठे जायचा. बावन्न साली रेडिओवर मुलांसाठी ‘तळ्याकाठी’ नावाची पंधरा मिनिटं सुरू झाली. दोन करवंट्या एकमेकींवर आपटत, टक... टक... टक... करत कासवमामा तळ्यातून वर यायचा आणि धापा टाकत म्हणायचा, "आलो रे, आलो! पाठीवर घर आहे बाबांनो, उशीर व्हायचाच." पुढच्या वर्षी पंधराची तीस मिनिटं झाली, त्याच्या पुढच्या वर्षी अख्खा तास. गोष्ट, कोडी, गाणी, एखादं नाटुकलं, आणि सगळ्यांत शेवटी चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांची कल्पना सुनंदाची. नंदू तेव्हा तीन वर्षांचा होता आणि दुधाचा पेला बघितला की कॉटखाली शिरायचा. सुनंदा रोज त्याच्या बरगड्या मोजायची, थर्मामीटर झटकायची, रडायची. एका रविवारी तिनं भाऊजींच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली: ‘नंदूला दूध प्यायला सांगा.’ त्या दिवशी रेडिओतून आवाज आला, "बोरिवलीचा नंदू ऐकतो आहे ना? मग पेला कुठाय?" नंदू कॉटखालून बाहेर आला, पेला घेऊन रेडिओसमोर उभा राहिला आणि रिकामा पेला उलटा करून त्यानं रेडिओच्या जाळीला दाखवला.

झालं! हा हा म्हणता मुलुंडपासून मालाडपर्यंतच्या आयांना कळलं. कुणाचा मुलगा नखं खायचा, कुणाची मुलगी अंधाराला भ्यायची. मागच्या चाळीत राहणारा काशीराम, पूर्वीचा गिरणीकामगार आणि आताचा पोस्टमन, पिशवीच्या पिशवी आणून ओट्यावर ओतायचा. पत्ता नुसता ‘कासवमामा, बोरिवली’. मामांनी त्यातली एकही चिठ्ठी आधी वाचायची नाही, हा त्यांचा नेम. सगळ्या टोपलीत टाकायच्या, मुलांना ऐकू येईल अशा खळाखळा हलवायच्या, आणि हाताला लागेल ती तिथल्या तिथे वाचायची. "मलाच आधी कळलं तर गंमत काय राहिली?" असं भाऊजी म्हणायचे. मुलंही श्वास रोखून बसायची, आपलंच नाव निघतंय की काय म्हणून.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ‘घाटकोपरची जयंती’ निघाली.

जयंती म्हणजे नणंदेची, कुंदाताईंची मुलगी. साऱ्या मुंबईची पोरं ज्याला मामा म्हणायची त्याची सख्खी भाची ही एकच. आठ वर्षांची होती, आणि अजून अंथरूण ओलं करायची. कुंदाताईंनी हे माहेरच्या स्वयंपाकघरात डोळे पुसत सांगितलं होतं. सुनंदाला तिची दया आली. खरंच दया आली. नंदूचं दूध झालं, नखं झाली, अंधार झाला. मग हे का होऊ नये? तिनं चिठ्ठी लिहिली. आणि भाऊजींनी भर तासात, हजारो घरांत, ती उलगडून वाचली. "घाटकोपरच्या जयंतीला सांगा, अंथरूण कोरडं ठेवलंस तर—" तिथे ते थांबले. पण थांबायला उशीर झाला होता.

शाळा उघडली. जयंती वर्गात शिरली की मुलं बाकावर बोटांनी वाजवायची, टक... टक... टक. दिवाळीपर्यंत कुंदाताईंना तिची शाळा बदलावी लागली.

त्याआधीच, चिठ्ठी निघाली त्याच रविवारी संध्याकाळी, त्या बोरिवलीला आल्या होत्या. "कुणी लिहिली चिठ्ठी? घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं हे!" सुनंदा दाराआड उभी होती. तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "मी लिहिली. चूक माझी."

चार शब्द. त्यांच्या सवयीप्रमाणे पाचवा नाहीच. आणि सुनंदाचे ओठ मिटले ते मिटलेच.

त्यानंतर कुंदाताईंनी मार्तंडाला ओवाळलं नाही. सुनंदाच्या नवऱ्यानं, अनंतानंही बहिणीची बाजू घेतली. थोरल्या भावाशी तो कामापुरतं बोलू लागला. आणि रेडिओवाल्यांनी ठरवलं की यापुढे कुठल्याही मुलाचं नाव, खोडी, तक्रार वाचायची नाही. ठरवलं ते योग्यच होतं. पण नाव निघणार नाही म्हटल्यावर पोरं श्वास कशाला रोखतील? त्यांनी सुई सिलोनकडे फिरवली, सिनेमाची गाणी ऐकू लागली. तासाचा अर्धा झाला, अर्ध्याची पंधरा मिनिटं. काशीरामच्या पिशवीची जुडी झाली, जुडीची दोन पत्रं. अठ्ठावन्नच्या दिवाळीआधीचा रविवार हा ‘तळ्याकाठी’चा शेवटचा रविवार, असं पत्र आलं तेव्हा भाऊजींनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि बाजारातून माईंसाठी पानं आणायला गेले.

*

त्या रविवारी सकाळी सात वाजता सुनंदानं डब्यात पोळीभाजी भरली आणि डब्याखाली, पाच वर्षांपूर्वी ठेवायची तशी, चिठ्ठी ठेवली.

भाऊजी करवंट्या रुमालात गुंडाळत होते. हल्ली ते चिठ्ठ्या आधी वाचत. त्यांनी घडीला बोट लावलं.

"आत्ता नका वाचू," सुनंदा म्हणाली. "तिथे वाचा. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"नावं वाचायची नाहीत, सुनंदा."

"मुलाचं नाव नाहीये. माझं आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, चिठ्ठी खिशात टाकली आणि चपला घातल्या.

साडेआठला कुंदाताई आल्या. मार्तंड घरी नसणार हे बघूनच आल्या होत्या, आणि माईंनी ‘कानवल्यांना हात कमी पडतात’ असा निरोप धाडला होता म्हणून. कानवले, म्हणजे पापुद्र्यांच्या करंज्या, हे कारखानीसांकडचं दिवाळीचं मानाचं काम. एकटीनं करायचं नाही. एकीनं पोळ्यांना तुपाचा साठा लावून गुंडाळ्या करायच्या, एकीनं लाटायचं, एकीनं सारण भरून कातण्यानं कडा कातायच्या. लाट्या एकदा कापल्या की ओल्या फडक्याखाली फार वेळ राहत नाहीत. सुरू केलं की उठता येत नाही.

"किती वाळलीस गं," कुंदाताई सुनंदाला म्हणाल्या. "नंदूपायी जीव टाकून टाकून तुझंच मढं होईल एक दिवस."

"वन्सं, चहा टाकू?"

"टाक. साखर घाल नीट. मागच्या वेळी काढा दिला होतास."

जयंती दारात उभी होती. दहा वर्षांची झाली होती, दोन वेण्या, रिबिनी घट्ट. नंदू तिला भोवरा दाखवायला ओढून घेऊन गेला.

नऊ वाजता लाट्या कापून झाल्या. सव्वानऊला तिघींचे हात कोपरापर्यंत तुपापिठाचे झाले. साडेनऊला पाच मिनिटं असताना माई बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "अनंता, रेडिओ लाव रे. गरम व्हायला वेळ लागतो त्याला."

कुंदाताईंचं लाटणं थांबलं. "आई!"

"काय?"

"मला मुद्दाम आज बोलावलंस तू."

"दिवाळी चार दिवसांवर आलीय. उद्या बोलावलं असतं तर तळणार कधी?" माईंनी फडक्यावर पाणी शिंपडलं. "उठायचं तर ऊठ. लाट्या सुकतील, आणि तुझ्या सासरी सांगेन मी की माझ्या लेकीला कानवलेसुद्धा धड येत नाहीत."

कुंदाताईंनी लाटणं पुन्हा उचललं आणि ते पोळपाटावर असं फिरवलं, जणू लाटीनंच त्यांचं काही वाईट केलं होतं.

मागच्या दारी काशीराम येऊन बसला. गेली सहा वर्षं दर रविवारी तो पायरीवर बसून ऐकत असे. आता त्याची मुलंही येईनाशी झाली होती, तो मात्र यायचा. "वैनी, आज मामा काय सांगतलो?"

"ऐका ना," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

रेडिओ खरखरला. मग ते आलं.

टक... टक... टक...

सुनंदानं जयंतीकडे पाहिलं. पोर नंदूच्या भोवऱ्याची दोरी हातात गुंडाळून उभी होती. आवाज झाला तशी दोरी बोटांवर घट्ट होत गेली, बोटांची टोकं पांढरी पडली. कुंदाताईंनीही पाहिलं. "अनंता, बंद कर ते!"

"राहू दे," जयंती म्हणाली. "आज शेवटचं आहे ना?"

"आलो रे, आलो," कासवमामा म्हणाला. "पाठीवर घर आहे, उशीर व्हायचाच. आज तळं आटलंय मुलांनो. तळी आटतात. कासवानं दुसरं तळं शोधायचं असतं." मग त्यानं गोष्ट सांगितली, आपली खोडी लपवणाऱ्या एका बेडकाची, छोटीशी. मग टोपलीचा खळखळ आवाज झाला, पण त्यात एकच कागद असावा, कारण आवाज फार बारीक होता.

सुनंदाच्या हातातलं कातणं थांबलं. तिला वाटलं, आता. आता ते वाचतील, ‘दोन वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी माझी, सुनंदाची,’ असं घुमेल घरभर, आणि मग जे व्हायचं ते होईल. तिला फक्त मान खाली घालून बसायचं होतं.

कागद उलगडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. काशीरामनं कान पुढे केला.

"एक चिठ्ठी आहे," कासवमामा म्हणाला. "मी ती वाचली. पण ही रेडिओवर सांगायची नाही. जिनं लिहिली तिनं स्वतः सांगायची. तिला जमेल." कागदाची पुन्हा घडी झाली. "बरं, आता नेहमीचं. पेटी बंद करा, आणि शेजारच्या घरात एकदा डोकावून या. कोण कसं आहे, बघून या. येतो मी."

टक... टक... आणि मग कुणी तरी बाई बातम्यांची वेळ सांगू लागली.

अनंतानं रेडिओ बंद केला. "कसली चिठ्ठी?" तो म्हणाला. "दादाचं हे असंच. शेवटच्या दिवशीसुद्धा कोडी."

माई सुनंदाकडे बघत होत्या. वाल सोलताना बघायच्या तशाच, न रागावता. आणि सुनंदाला पाच वर्षांपूर्वीचं ते वाक्य आत्ता कुठे पुरतं ऐकू आलं. दूध तर नंदूनं केव्हाच पेल्यातून प्यायला शिकून घेतलं होतं. पेटीतून पाजून घ्यायची सवय लागली होती ती तिला.

"माझी चिठ्ठी," ती म्हणाली.

"आं?"

"आजची माझी. आणि दोन वर्षांपूर्वीची पण माझी. जयंतीची. वन्सं, मी लिहिली ती. भाऊजींनी नाही. त्यांना तर ठाऊकही नव्हतं, त्यांनी वाचायच्या आधी पाहिलीसुद्धा नव्हती. मला वाटलं, नंदूचं झालं तसं... मी विचारलं नाही तुम्हांला. आणि नंतर बोलले नाही."

तूप परातीत थिजत होतं. एक माशी फडक्याभोवती घुटमळत होती, तिला कुणी हाकललं नाही.

कुंदाताई फार हळू बोलल्या. त्या अशा हळू बोलू शकतात हे सुनंदाला माहीत नव्हतं. "दोन भाऊबीजा गेल्या, सुनंदा. माझा भाऊ दारातून माझ्याकडे बघत उभा राहायचा आणि मी पाठ फिरवायची. दोन वर्षं. तू तेव्हा कुठे होतीस?"

"इथेच होते."

"इथेच होतीस. ताट वाढत होतीस मला." त्यांचा आवाज आता चढला. "वर पोळीवर तूप घालून विचारत होतीस, वन्सं, अजून घेता? शिकलेली ना तू? आमच्या आईला अडाणी समजतेस ते कळत नाही का मला? अगं, अडाणी बाईनं असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी पाय धरले असते!"

"कुंदा," अनंता म्हणाला.

"तू गप्प बस! तू तरी काय केलंस? दादाशी बोलणं टाकलंस. माझी बाजू घेतली म्हणे. एकदा तरी विचारलंस त्याला?"

अनंता आतल्या खोलीत गेला, आणि बराच वेळ आला नाही.

जयंती पुढे आली. सुनंदाला वाटलं, पोर आता रडेल, किंवा हातातली दोरी फेकेल. जयंतीनं विचारलं, "मामी, मग मामा ‘मी लिहिली’ असं का म्हणाला?"

उत्तर माईंनी दिलं. "कारण तुझी मामी तेव्हा दाराआड थरथर कापत उभी होती, आणि ते त्याला दिसलं. मला पण दिसलं. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. दोन वर्षं लावली बाईनं. कासवाच्या घरात राहून कासवाची चाल आली."

काशीराम पायरीवर फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. कुंदाताईंचेही ओठ जरासे हलले. पण त्यांनी ते दाबले, लाटी उचलली, फडकं झाकलं. "तुला माफ केलं असं समजू नकोस," त्या सुनंदाला म्हणाल्या. "कातणं घे. आणि सारण भर नीट, पोट खपाटीला गेलेले कानवले माझ्या भावाच्या ताटात वाढायचे नाहीत."

*

साडेअकरापर्यंत भाऊजी येतात. बारा वाजले. कानवले तळून झाले, परातीत पाकळ्या सुटून बसले. साडेबारा. सुनंदा तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली. तिला सगळं दिसलं: भाऊजी रस्ता ओलांडताना, भाऊजी चक्कर येऊन बाकावर, भाऊजी कुठेच नाहीत. एक वाजता अनंता चपला शोधू लागला. "मी बघून येतो स्टेशनवर."

"खय जातास?" काशीराम परत आला होता. जरा अवघडून उभा होता. "मामा आमच्या पडवेत बसलेसत. अकरा वाजल्यापासून."

"तुमच्याकडे? मग घरी का नाही आले?" सुनंदा ओरडलीच.

काशीरामनं कुंदाताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "ताईंच्यो व्हाणो दाराशी बघल्यानी आणि मागच्यामागे फिरले. हल्ली नेहमी असाच करतत. ताई इल्यो की आमच्याकडे येऊन बसतत, ताई गेल्यो की घरी जातत. म्हणतत, तिका माहेर सुखान करूंदे. च्याय घेतल्यानी. जेवाक नको म्हणतत."

दारात कुंदाताईंच्या वहाणा होत्या, तांबड्या पट्ट्याच्या, जोडीनं ठेवलेल्या. सगळे त्या वहाणांकडे बघत राहिले. कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या.

जयंती मात्र उठली. तिनं त्या वहाणा उचलल्या, आत आणल्या, माईंच्या कॉटखाली पार भिंतीपर्यंत सरकवल्या आणि परकर झटकून मागच्या दारानं बाहेर गेली. सुनंदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. पडवीत भाऊजी गुडघ्यावर रुमालाची गाठ ठेवून बसले होते. जयंती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, दारात वहाणा नाहीत. ये."

"आई गेली तुझी?"

"नाही. आहे. पण वहाणा नाहीत."

त्यांना हे समजायला वेळ लागला. मग जयंतीनं रुमालाकडे हात केला. "आणि करवंट्या मला दे. आता त्या माझ्या. वर्गात कुणी वाजवलं ना, तर मी जास्त मोठ्यानं वाजवीन."

ती पुढे, भाऊजी मागे, असे दोघं अंगणातून आले. तिनं वाजवायला सुरुवातसुद्धा केली होती. कुंदाताईंनी देवापुढचं निरांजन पेटवलं. भाऊबीजेला सहा दिवस होते, मुहूर्त नव्हता, काही नव्हतं. "बस दादा पाटावर," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांची बाकी आहे. सहा दिवस थांबायला मला वेळ नाही." माईंनी पाटाभोवती रांगोळी ओढली, वाकडी. भाऊजी बसले. सुनंदानं ताटात सगळ्यांत टपोरा कानवला ठेवला आणि मागे सरली, तेव्हा ते तिला फक्त एवढंच म्हणाले, "जमलं की."

या गोष्टीला आता बरेच रविवार झाले. कुंदाताई सुनंदाशी बोलतात, साखरेवरून टोमणेही मारतात. माफ केलं असं अजून म्हणाल्या नाहीत. पण सुनंदाची काळजी निराळी आहे. भाऊजी अजूनही रविवारी सातला उठतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि साडेनऊला बंद रेडिओशेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात. पंधरा मिनिटं. मग उठतात. ती स्वयंपाकघरातून त्यांच्यावर नजर ठेवते, पण तिच्या नजरेनं भागत नाही. घरच्या माणसाला ते ‘बरा आहे’ एवढंच सांगतात. तेव्हा तिचं तुमच्यापाशी एक मागणं आहे. लहानपणी तुम्ही कधी रेडिओच्या जाळीला रिकामा पेला दाखवला असेल, तर एखाद्या रविवारी बोरिवलीला उतरा आणि त्यांच्याकडे डोकावून या. काही न्यायला नको, फार बोलायलाही नको. फक्त वहाणा दाराशी काढू नका. आत घेऊन या.